प्रशस्तिपत्राच्या चार ओळी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारचा दिवस होता. सल्ला केंद्राला कुलूप लावायच्या बेतात होते, तेवढ्यात ती आली. छत्री दारात ठेवली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, मला चार ओळी सुचवा. आज रात्री बारापर्यंत पाठवायच्यात."

ही मुलगी आमच्या ओळखीची. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या बचत गटांतल्या बायकांच्या मुलाखती घ्यायला वस्तीत येत असे. तिचा पीएच.डी.चा विषय ग्राहक मानसशास्त्रातला आहे. हप्त्यावर मिक्सर, फ्रिज, मोबाइल घेताना घरात निर्णय कोण घेतं, दुकानात बाईला काय सांगितलं जातं, हप्ता थकला की दोष कुणाच्या माथी येतो, असं सगळं ती विचारायची. आमच्या बायकांनी तिला चहा पाजला, दुपारची पाठ टेकायची वेळ मोडून उत्तरं दिली. सकाळी ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि दुपारी वस्तीत यायची. मेहनती पोर.

तर त्या चार ओळी. तिच्या गाईडचं नाव 'उत्कृष्ट संशोधन मार्गदर्शक' अशा पुरस्कारासाठी पुढे आलं होतं. त्यासाठी विद्यार्थ्यांची पत्रं हवी होती. पत्रांची मागणी आली ती सरांनीच काढलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पत्रं पाठवायची तीही सरांकडेच.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"माझं तिसरं प्रकरण सात महिने सरांच्या टेबलावर पडलंय. उघडूनही पाहिलेलं नाही. मधल्या काळात मी त्यांच्या पुस्तकाची प्रुफं दोनदा तपासून दिली. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या पाहुण्यांची यादीसुद्धा मीच टाइप केली. माझ्याबरोबर नाव नोंदवलेली एक जण मागच्या वर्षी सोडून गेली. तिच्याकडे कुणी पत्र मागितलेलं नाही."

"मग लिहू नकोस," मी म्हटलं. असं म्हणणं मला सोपं होतं.

"सही त्यांचीच लागणार आहे, ताई."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिने पत्र लिहिलं. सरांच्या 'अखंड प्रेरणे'बद्दल आणि 'पितृतुल्य मायेबद्दल' लिहिलं. मी शुद्धलेखन तपासलं. त्या कामात आपलाही हात लागला, याची टोचणी मला आजही आहे. हा लेख त्या टोचणीतून लिहिते आहे.

कुणी विचारील, एम.एस.डब्ल्यू. होऊन वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या बाईला पीएच.डी.च्या गाईडांशी काय देणंघेणं? मैत्रिणींनो, देणंघेणं दुहेरी आहे. अशा मुली आमच्या केंद्रात येतात, आणि येताना नवऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईसारख्याच खाली मान घालून येतात, हे एक. आणि दुसरं असं की हे शास्त्रच मुळी आपल्या उत्तरांवर उभं आहे.

ग्राहक मानसशास्त्राला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत स्वतंत्र विभाग मिळाला १९६०मध्ये. पण माणूस वस्तू का घेतो याचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, आणि त्यात 'माणूस' म्हणजे बहुतेक वेळा बाईच होती. साबण कोणता घेते, ओटा किती उंच हवा, डब्यावरचं चित्र पाहून हात कुठे जातो, हे सगळं बायकांना विचारून, बायकांना न्याहाळून शिकलेलं ज्ञान आहे.

लिलियन गिलब्रेथ या बाईंचं उदाहरण घ्या. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचा प्रबंध त्यांनी लिहून पूर्ण केला होता. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाने विद्यापीठात राहण्याच्या अटीवर बोट ठेवलं आणि पदवी नाकारली. त्या तेव्हा संसार, मुलं आणि नवऱ्याचा व्यवसाय सांभाळत देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होत्या. तोच प्रबंध १९१४मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा लेखिकेच्या नावाची फक्त आद्याक्षरं छापली गेली, म्हणजे लिहिणारी बाई आहे हे कळायला नको. शेवटी १९१५मध्ये ब्राऊन विद्यापीठातून, दुसरा प्रबंध लिहून, त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९२४मध्ये नवरा वारल्यावर अकरा मुलांचं घर त्यांनी याच ज्ञानाच्या जोरावर चालवलं. १९२६-२७च्या सुमारास एका मोठ्या कंपनीसाठी त्यांनी मासिक पाळीच्या पॅडचा अभ्यास केला. बायकांना नेमकं काय टोचतं, काय लपवावं लागतं, दुकानात मागताना काय वाटतं, हे त्यांनी बायकांनाच विचारलं. पुरुष संशोधकाला त्या काळी हा प्रश्न सुचलाही नसता आणि विचारताही आला नसता.

कोण संशोधन करतं यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरतं, म्हणून कोण संशोधन पूर्ण करू शकतं हा आपला प्रश्न होतो. आमच्याकडे आलेली मुलगी प्रबंध अर्धा टाकून गेली तर हप्त्यांखाली दबलेल्या आमच्या बायकांचं म्हणणंही त्याच्याबरोबर कपाटात जाईल. उरतील फक्त हप्त्याने वस्तू कशी जास्त खपवावी हे सांगणारे अभ्यास. त्यांना गाईडही मिळतो आणि पैसेही मिळतात.

आता पुरस्कारांकडे येऊ. चांगल्या मार्गदर्शकाचा सत्कार करू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. जगभर असे पुरस्कार आहेत. 'नेचर' हे विज्ञान नियतकालिक २००५पासून विज्ञानातल्या मार्गदर्शकांना पुरस्कार देतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात राष्ट्राध्यक्षांच्या नावाने मार्गदर्शनासाठीचा पुरस्कार सुरू झाला. विद्यार्थ्याला घडवणं हेही शोधनिबंध लिहिण्याइतकंच मोलाचं काम आहे, एवढं तरी त्यातून मान्य झालं. हे चांगलंच झालं. माझं भांडण आहे ते उत्कृष्टता मोजण्याच्या पद्धतीशी.

आणि गंमत पाहा, ही पद्धत चुकीची आहे हे सांगायला ग्राहक मानसशास्त्राइतकं लायक शास्त्र दुसरं नाही! एखादं दुकान चांगलं आहे का, हे फक्त हातात पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारून कळत नाही, हे त्या शास्त्रातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. जी बाई दारातून परत फिरली, जी एकदा फसली आणि पुन्हा आलीच नाही, तिला शोधून विचारावं लागतं. दुकानदार समोर उभा असताना "माल कसा आहे?" असं विचारलं तर मिळणाऱ्या उत्तराला काडीची किंमत नसते, हेही हे शास्त्र शिकवतं. प्रश्नावली निनावी का ठेवायची यावर तासच्या तास व्याख्यानं होतात. आणि त्याच विभागातल्या सरांच्या पुरस्काराची वेळ आली की सहीसाठी ताटकळलेल्या विद्यार्थिनींकडून, नावानिशी, सरांच्याच हातात पत्रं घेतली जातात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये एक साधी मांडणी केली. नाराज गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात. एक, निघून जायचं. दोन, बोलून दाखवायचं. ज्याची त्या दुकानावर निष्ठा असते ते लगेच निघून जात नाही, थोडं थांबून पाहतं. आता ही मांडणी पीएच.डी.च्या मुलीला लावून पाहा. तिची निष्ठा तर गृहीतच धरलेली. बोलून दाखवलं तर प्रकरण आणखी सात महिने टेबलावर. निघून जायचं म्हटलं तर गेलेली वर्षं पाण्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ची नियमावली पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षं देते. बायकांना दोन वर्षं जादा मिळू शकतात आणि संपूर्ण काळात एकदा, २४० दिवसांपर्यंत, बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. लग्नामुळे वा अन्य कारणाने दुसरीकडे जावं लागलं तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोयही नियमांत आहे. सोयी चांगल्या आहेत, त्या मिळवायला बायकांना वेळ लागला आहे. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या मुली काय सांगतात? सासर बदललं तर कागद हलतात, गाईड बदलायचा म्हटलं तर सगळा विभाग कुजबुजतो. "तिचं आणि सरांचं काय बिनसलं?" पुढचा गाईड आधीच्या सरांचाच मित्र निघतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्या तोंड मिटून राहतात, उरलेल्या गप्पपणे गळतात. गळणाऱ्यांची नोंद कुठल्याही मानपत्रात नसते.

लैंगिक छळाविरुद्ध १९९७चा विशाखा निकाल झाला, २०१३चा कायदा झाला, उच्च शिक्षण संस्थांसाठी आयोगाचे '२०१५' या वर्षाच्या नावाचे स्वतंत्र नियम आले. त्यांत विद्यार्थिनीही आल्या. विद्यार्थ्यांच्या इतर तक्रारींसाठी २०२३चे नियम आहेत. कागदावर दारं उघडली आहेत. पण सात महिने प्रकरण न वाचणं, स्वतःची प्रुफं तपासून घेणं, घरचं काम सांगणं, शोधनिबंधावर आपलं नाव आधी घालणं, "लग्न झाल्यावर तू कुठे संशोधन करणार" असं हसत हसत म्हणणं, हे घेऊन समितीकडे कोण जातं? आणि गेलीच, तरी तिच्या प्रबंधावर सही करणारा हात तोच असतो.

आता मोजमापाचा दुसरा प्रकार पाहा, आकड्यांचा. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी संशोधनाचे गुण ठरवले गेले. एका विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली की गाईडला १० गुण. प्रबंध नुसता सादर झाला असेल तर ५. दोन गाईड असतील तर दोघांना ७-७. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यासाठी? काहीच नाही. वजाबाकीचा रकानाच नाही. प्रत्येक पान वाचणाऱ्या मॅडमनाही १० आणि शेवटच्या पानावर फक्त सही करणाऱ्या सरांनाही १०. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे ज्याचं पद वरचं त्याच्या खात्यात पदव्या जास्त. मग वर्षाअखेर बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी त्याच्या खांद्यावर शाल!

आकड्यांच्या हौसेने केवढा घोटाळा होतो याचं एक ताजं उदाहरण आहे. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात तिघा संशोधकांचा निबंध आला. लाखो संशोधकांच्या नोंदी संगणकावर चाळून त्यांनी निष्कर्ष काढला, की तरुण संशोधक स्त्रीला मार्गदर्शक म्हणून स्त्रिया लाभल्या तर पुढे तिच्या लिखाणाला मिळणारे संदर्भ कमी होतात. म्हणजे मुलींनो, पुढे जायचं असेल तर पुरुष गाईड बघा! पण मार्गदर्शक कोण, हे त्यांनी ठरवलं कसं? निबंधावर ज्येष्ठ संशोधकाचं नाव सोबत असलं की तो मार्गदर्शक. आणि फायदा मोजला कसा? नंतर कुणी किती वेळा उल्लेख केला त्यावरून. रात्री फोनवर रडणाऱ्या मुलीला धीर देणारी, शिष्यवृत्तीच्या अर्जात बसून दुरुस्त्या करणारी, "हा प्रश्न तुझा आहे, त्यावर माझं नाव नको" म्हणणारी बाई या हिशेबात कुठे सापडणार? जगभरच्या संशोधक स्त्रियांनी आवाज उठवला. सोबत नाव असणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे, हा आक्षेप लेखकांनाही मान्य करावा लागला आणि डिसेंबर २०२०मध्ये निबंध मागे घेतला गेला. महिनाभरात! आवाज उठवला की काय होतं तेही यातून दिसलं.

मैत्रिणींनो, मार्गदर्शन हे शिक्षणसंस्थेतलं घरकाम आहे. रांधा, वाढा, उष्टी काढा. केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, नाही केलं तर बोंब. त्यातही वाटणी ठरलेली आहे. परिषदेत भाषण सरांचं, पाहुण्यांची नोंदणी मॅडमची. प्रकल्पाचा पैसा सरांच्या नावावर, विद्यार्थिनीचं रडणं मॅडमच्या खोलीत. "मॅडम, तुम्हीच जरा समजावा तिला." मॅडम समजावतात, कारण त्यांना तिच्यात स्वतःचे दिवस दिसतात. आणि मॅडमचा स्वतःचा शोधनिबंध आणखी सहा महिने मागे पडतो. बढतीच्या मुलाखतीत त्याबद्दल बोलणी बसतात ती वेगळीच.

घरकाम हे काम आहे हे अर्थशास्त्राला कुणी सांगितलं, माहीत आहे? मार्गारेट रीड या बाईंनी. आणि त्यांची मार्गदर्शक होती एक बाई, हेझल किर्क. किर्कबाईंनी १९२०मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. केली. 'उपभोगाचा सिद्धांत' हे त्यांचं पुस्तक १९२३मध्ये आलं. घरातली माणसं वस्तू का आणि कशा घेतात, हा प्रश्न त्यांनी त्या काळच्या पुरुषी अर्थशास्त्रापुढे ठेवला. १९२५मध्ये त्या शिकागोत शिकवायला लागल्या. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९४१ उजाडलं! पण या मधल्या वर्षांत त्यांनी विद्यार्थिनी घडवल्या. त्यांच्या हाताखाली रीडबाईंनी घरातल्या बिनपगारी कामावर प्रबंध लिहिला आणि १९३१मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यातूनच १९३४मध्ये घरगुती उत्पादनाच्या अर्थशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक झालं. जे काम पैसे देऊन दुसऱ्या माणसाकडून करून घेता येतं, ते घरातल्या माणसाने फुकट केलं तरी काम आहे, ही त्यांची साधी कसोटी. आज घरकामाच्या मोजणीची चर्चा जिथे जिथे होते तिथे ही कसोटी पुढे येते. गाईड पुरुष असता तर "हा काय विषय झाला?" असं रीडबाईंना ऐकावं लागलं असतं का? बहुधा लागलं असतं.

आता रीडबाईंचीच कसोटी मार्गदर्शनाला लावा. प्रबंध वाचून, सुधारून देणारी दुकानं आज शहरांत आहेत. ती पानामागे पैसे घेतात. म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येणारं हे काम आहे. मग मॅडम रात्री जागून तेच करतात तेव्हा ते 'स्वभाव' कसं होतं? 'ममत्व' कसं होतं? कामाच्या तासांत ते धरलं का जात नाही?

याच रीडबाईंची पुढची गोष्ट ऐका. मिल्टन फ्रीडमन यांचं उपभोगावरचं गाजलेलं पुस्तक १९५७मध्ये आलं. त्यातली मूळ कल्पना आपली पत्नी रोझ, डोरोथी ब्रेडी आणि मार्गारेट रीड यांच्याशी शेकोटीपुढे झालेल्या गप्पांतून वाढली, पुस्तक खरं तर त्या सगळ्यांचं आहे, असं त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिलं. माणसाने प्रामाणिकपणे लिहिलं हे खरं. पण मुखपृष्ठावर नाव एकच. १९७६चं नोबेल मिळालं तेही एकालाच आणि त्याच्या कारणांत उपभोगाचं विश्लेषण हेही होतं. रीडबाईंना अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने मानाचं सदस्यत्व दिलं ते १९८०मध्ये, वयाच्या चौऱ्यांशीच्या घरात. तो मान मिळवणारी ती पहिली बाई. प्रस्तावनेत आभार आणि म्हातारपणी मान, एवढ्यावर बायकांनी किती काळ समाधान मानायचं?

विपणन आणि ग्राहकवर्तनाच्या क्षेत्रात अमेरिकेत एक चांगला पुरस्कार आहे. एरिन अँडरसन या प्राध्यापिका २००७मध्ये वारल्या. त्यांच्या नावाने उदयोन्मुख स्त्री संशोधक आणि मार्गदर्शक अशा दुहेरी कामगिरीसाठी तो देतात. असा पुरस्कार असावाच. तरीही मनात एक प्रश्न येतो. इतर उदयोन्मुख संशोधकांच्या पुरस्कारांत मार्गदर्शनाची ही जोड सहसा दिसत नाही. बाईने विद्वानही व्हायचं आणि दुसऱ्यांना हातही द्यायचा. पुरुषाने नुसतं विद्वान झालं तरी पुरतं! मार्गदर्शन ही बाईची खास जबाबदारी ठरली, तर पुरस्कारही तिच्या गळ्यातलं लोढणंच होईल. ते प्रत्येक गाईडचं काम ठरलं पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. पहिला, "आपली गुरुशिष्य परंपरा आहे. गुरूचं मोजमाप करायचं का?" आमचं म्हणणं एवढंच, की गुरूला पगार मिळतो, बढतीसाठी गुण मिळतात, आणि पुरस्कारासाठी अर्ज गुरूच भरतो. मोजमाप तुम्हीच सुरू केलंत, आम्ही फक्त काटा तपासायला सांगतो आहोत. शिवाय त्या परंपरेत अंगठा कुणाला द्यावा लागला तेही आम्ही विसरलेलो नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो खरा आहे. "बाई गाईड तरी कुठे चांगल्या असतात? माझ्या मॅडमनी तर मला जास्त छळलं." हो, असं होतं. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" ही सासूची रीत विद्यापीठातही आहे. शिवाय सर रागावले तर 'शिस्तीचे' आणि मॅडम रागावल्या तर 'खाष्ट', हा दुजाभाव आपणही करतो. मॅडमकडून आईपण मागतो आणि सरांकडून फक्त सही. म्हणून बाई असणं ही चांगल्या मार्गदर्शनाची खूण नाही. वेळेवर वाचणं, स्पष्ट बोलणं, विद्यार्थ्याचा प्रश्न त्याचाच ठेवणं आणि त्याचं श्रेय त्यालाच देणं, या खुणा आहेत. त्या बाईतही असतात आणि पुरुषातही. असे सर मी पाहिले आहेत. अशाच एका सरांमुळे मी एम.एस.डब्ल्यू. पूर्ण करू शकले. वडील आजारी असताना त्यांनी माझ्या क्षेत्रकार्याच्या वेळा बदलून दिल्या आणि पुन्हा कधी तो उपकार बोलून दाखवला नाही. त्यांना कधी शाल मिळाली नाही. त्यांनी कुणाकडे पत्रंही मागितली नाहीत.

मग मागायचं काय? आपल्या मागण्या अवघड नाहीत.

पहिली, शिकत असलेल्या विद्यार्थ्याचं पत्र पुरस्कारासाठी घेऊच नये. पदवी हातात पडल्यावर, निदान एक वर्षाने, निवड समितीने परस्पर विचारावं. गाईडच्या हातून काहीही जाऊ नये.

दुसरी, सोडून गेलेल्यांना विचारावं. किती विद्यार्थी नोंदले, किती पूर्ण झाले, किती गळले आणि का, हे अर्जात लिहिणं सक्तीचं करावं. त्यात मुली किती, राखीव जागांवरून आलेले किती, पहिल्या पिढीचे किती, हेही असावं. ज्यांच्याकडे कुणीही अडखळत नाही अशांनाच विद्यार्थी म्हणून निवडायचं आणि मग शंभर टक्के निकाल मिरवायचा, ही युक्ती शाळांपासून आपल्याला माहीत आहे. अडखळलेल्याला कोण पार नेतं ते पाहा.

तिसरी, बाळंतपणाच्या किंवा बालसंगोपनाच्या रजेवर गेलेल्या किती विद्यार्थिनी परत आल्या आणि पूर्ण झाल्या, हे विचारावं. चांगल्या गाईडची ओळख यातून पटते.

चौथी, मार्गदर्शनाचे तास कामाच्या तासांत धरावेत. अडीअडचणीत धावून जाणाऱ्या शिक्षिकेला वर्षाकाठी एका नारळापेक्षा आठवड्याचे दोन मोकळे तास जास्त उपयोगी पडतात.

पाचवी, विद्यार्थ्याने गोळा केलेल्या सामग्रीवर कुणाचं नाव कधी लागेल, हे पहिल्याच वर्षी लेखी ठरवावं. आणि ज्याच्याविरुद्ध छळाची तक्रार सिद्ध झाली आहे त्याला मार्गदर्शक म्हणून कुठलाही सन्मान देऊ नये. हे लिहावं लागतं याचीच लाज वाटायला हवी.

एक मागणी आमच्या वस्तीकडूनही आहे. ज्या बायकांनी दुपार मोडून उत्तरं दिली त्यांना प्रबंध पूर्ण झाल्यावर दोन पानांत, मराठीत, काय सापडलं ते सांगायला विद्यार्थ्याने यावं आणि गाईडने त्याला पाठवावं. हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं, एवढं जरी त्या प्रबंधातून आमच्या बायकांना कळलं तरी त्या चहाचं सार्थक होईल.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. पत्र गेल्यावर अकराव्या दिवशी तिसरं प्रकरण परत आलं. दोन ठिकाणी स्वल्पविराम सुधारला होता. शेवटी 'ठीक' असं लिहून सही होती. पुरस्काराच्या कार्यक्रमाला ती गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला उभं राहायला सांगितलं, तेव्हा तीही उभी राहिली. गेल्या महिन्यात ती वस्तीत आली होती, आणखी सहा मुलाखती घ्यायला. सोडून गेलेल्या मैत्रिणीला तिने फोन केला होता, असं तिने जाता जाता सांगितलं. "तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, ताई. दीड तास बोलत होती."

वाचणाऱ्यांपैकी अनेक जणी शिक्षिका आहेत, काही गाईड आहेत, काही अर्धा प्रबंध कपाटात ठेवून बसलेल्या आहेत. तुम्हाला कुणी विचारलं नसेल तर आता आम्ही विचारतो आहोत. लिहा. नाव घालायचं नसेल तर घालू नका, संस्थेचंही नको. तुम्ही का थांबलात किंवा कुणामुळे पूर्ण करू शकलात, एवढंच लिहा. पत्रं या अंकाच्या संपादकांकडे पाठवा, तुमच्या सरांकडे नव्हे.